यामाहा ९.९ टू-स्ट्रोक: कुठला पार्ट कंपनीचाच घ्यावा, कुठला बाजारातला चालेल?

शापोरा_काठ

नमस्कार मंडळी. होडी फायबरची, २२ फूट. मागे टांगलेलं (औटबोर्ड) इंजिन यामाहा ९.९ एचपी टू-स्ट्रोक, पेट्रोलवर. गोव्यात शिवोलीहून शापोरा नदीच्या मुखापर्यंत आणि हवा बरी असली तर थोडं बाहेर, जाळी मारायला. पावसाळी मासेमारी बंदीत इंजिन उतरवून ठेवलं होतं. आता पाण्यात घालायच्या आधी तपासलं तर ही कामं दिसतात:

इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार स्लोला अगदी बारीक, रेस दिली की सुधारते. गिअर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं. झिंक (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, अॅनोड) अर्ध्याहून जास्त खाल्लेलं. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांची टोकं वाळूने झिजलीत, आणि फुल रेसला इंजिनाचा आवाज चढतो पण होडी तेवढी पळत नाही. प्लग काळे, ओले.

दुकानात प्रत्येक पार्ट तीन तऱ्हेचा मिळतो: कंपनीचा, बाहेरच्या ब्रँडचा डबाबंद, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतला बिननावाचा. पिशवीतला कंपनीच्या साधारण चौथाई भावात. सगळं कंपनीचं घ्यायचं तर बजेट बसत नाही, सगळं पिशवीतलं घालायचं धाडस नाही. कुठे पैसे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत, तेवढं सांगा. वॉरंटी संपलेली आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

म्हापसा_फिटर

ओरिजिनल की डुप्लिकेट हे नंतर बघू. आधी हे बघा, की तो पार्ट गेला तर सोबत काय घेऊन जातो, आणि तो घालण्याआधी तुम्हाला मोजून-तपासून घेता येतो का. स्टार्टरची दोरी तुटली तर दोरीच जाते. इंपेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र, गेला तर पिस्टन जातो. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) चुकीचा असला तर काहीच दिसत नाही, आवाजही बरा येतो, आणि एक दिवस फुल रेसमध्ये इंजिन जॅम होतं. या हिशोबाने तुमची यादी लावा.

आता पाण्याची धार. काही उघडण्याआधी जाळ्याचा जाड नायलॉनचा तुकडा धारेच्या भोकातून आत घाला आणि खेळवा. मीठ, वाळू किंवा किड्याचं घर अडकलेलं असतं. बंदीत पडून राहिलेल्या इंजिनात तर हे हमखास. त्याने धार सुधारली नाही तरच पंपाकडे वळा. तुमचं लक्षण मात्र पंपाचंच वाटतं. स्लोला इंपेलरची पाती पंपाच्या वाटीच्या भिंतीला घासून पाणी ढकलतात. रेस वाढली की पाती वाकून भिंतीपासून सुटतात आणि पाणी नुसत्या फिरण्याच्या जोरावर फेकलं जातं. म्हणून झिजलेला पंप आधी स्लोला उघडा पडतो. शापोऱ्याच्या मुखावर वाळूचा बांध आहे, ओहोटीला त्यावरून जाताना इंजिन वाळूच ओढतं. तिथे इंपेलर एकटा झिजत नाही, स्टीलची वाटी आणि खालची प्लेटही झिजते. नखाला चर लागतोय अशा वाटीत नवा इंपेलर घातलात तर धार चार दिवस बरी राहील.

म्हणून इंपेलर, वाटी, प्लेट, गॅस्केट आणि इंपेलर शाफ्टला अडकवणारी चावी असा पूर्ण किट घ्या. नावाजलेल्या बाहेरच्या ब्रँडचा किट, उदाहरणार्थ सिएरा, घालायला माझी हरकत नाही. पिशवीतला मात्र नको. त्यात बिघाड रबरात कमी आणि रबर-पितळेच्या जोडात जास्त असतो. मधल्या पितळी बुशवर रबर चिकटवलेलं असतं. तो चिकटा सुटला की शाफ्ट फिरतो, बुश फिरतं आणि रबर जागेवर. बाहेरून इंपेलर नवा दिसतो, पाणी शून्य. ही खोट दुकानात कळत नाही, गरम झाल्यावरच कळते.

तरीही घेतलेला कुठलाही इंपेलर तीन गोष्टींसाठी तपासा. बुश घट्ट धरून रबर हाताने पिळा, तसूभरही सरकता कामा नये. एक पातं पूर्ण वाकवून सोडा, लगेच सरळ व्हायला हवं. सुस्त परतलं तर रबर जुनं किंवा हलकं. आणि इंपेलर वाटीत बसवून वाटीच्या कडेवर स्टीलपट्टी आडवी ठेवा. पट्टी आणि रबर यांत फट दिसली तर उंची कमी आहे, पाणी वरून निसटणार. वाटी आणि इंपेलर एकाच किटमधले असतील तरी हे बघाच.

पार्ट नंबर वाचायला शिका, फार उपयोगी पडतं. यामाहाचा नंबर तीन तुकड्यांत असतो. उदाहरणार्थ ६३व्ही-४४३५२-०१. मधले पाच आकडे पार्ट कसला आहे ते सांगतात: ४४३५२ म्हणजे इंपेलर, इंजिन लहान असो की मोठं. पहिली तीन अक्षरं म्हणजे तो पार्ट मुळात ज्या मॉडेलसाठी काढला त्याचा कोड, म्हणून तुमच्या इंजिनाच्या कोडपेक्षा वेगळा आला तर घाबरू नका. शेवटचे दोन म्हणजे सुधारित आवृत्ती. ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा मॉडेल कोड आणि सिरियल नंबर घेऊन पार्ट्स कॅटलॉगमध्ये नंबर काढा, आणि बाहेरच्या ब्रँडच्या डब्यावर 'या नंबरच्या जागी' म्हणून तोच छापलाय का ते बघा. "९.९ ला हाच बसतो" या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. ९.९ मध्ये निरनिराळ्या पिढ्या आहेत.

बेतूल_जेटी

वरच्यांनी पंपाचं सांगितलं, मी दुधाळ ऑइलवर बोलतो. तो प्रकार जास्त खर्चाचा आहे.

खालच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरायच्या जागा मोजक्याच. ऑइलच्या दोन स्क्रूंचे वायसर, पंख्याच्या शाफ्टचे सील, पंपाखालचे उभ्या शाफ्टचे सील, गिअर रॉडचं सील, आणि मागच्या कॅपची मोठी ओ-रिंग. यातले सगळ्यात स्वस्त म्हणजे स्क्रूचे वायसर, आणि लोक तेच जुने परत घालतात. ते एकदाच दाबले जाणारे वायसर आहेत. दर ऑइल बदलाला नवे. इथे कंपनीचे घ्या, पैसे नगण्य.

दुसरा संशयित म्हणजे पंख्यामागे गुंडाळलेलं जाळ्याचं नायलॉन. पंखा काढून शाफ्टवर बघा. जाळी मारणाऱ्या होडीत ते मिळणारच. ते फिरत फिरत आत सरकतं आणि सीलची ओठं कापतं. नुसतं नवं सील घालून चालत नाही, शाफ्टवर सीलच्या जागी चर पडलाय का ते नखाने तपासा. चर असेल तर नवं सीलही गळणार. सील एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवायला जागा असेल तर ओठ कोऱ्या जागेवर येतं. नाहीतर शाफ्ट.

ऑइल सीलवर माप छापलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. त्याच मापाचं सील मडगावात बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळेल, आणि मोह होईल. पण गाडीच्या सीलमधली ओठाभोवतीची बारीक स्प्रिंग साध्या पोलादाची असते. खाऱ्या पाण्यात ती गंजून तुटते, ओठ सैल पडतं आणि तुटका तुकडा शाफ्टला ओरखडे काढतो. स्टेनलेस स्प्रिंगचं सील मागा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर कंपनीचंच घ्या. बेअरिंगची गोष्ट उलटी. खालच्या गिअरबॉक्समधलं बॉल बेअरिंग बऱ्याचदा सरळ नंबराचं असतं. कड्यावरचा पूर्ण नंबर, मागच्या सी३ सारख्या अक्षरांसकट, उतरवून घ्या आणि चांगल्या ब्रँडचं तेच आणा. दोन्ही बाजूंनी उघडं हवं, कारण त्याला ऑइल गिअरबॉक्समधूनच मिळतं. रबरी झाकणाचं 'जास्त चांगलं' म्हणून देतील, घेऊ नका.

पंख्याच्या शाफ्टला दोन सील असतात. काढताना कोणत्या सीलचं ओठ कुठल्या बाजूला होतं याचा फोटो काढून ठेवा. एक ऑइल आत ठेवतं, दुसरं पाणी बाहेर. दोन्ही एकाच दिशेने बसवलेली इंजिनं येतात आणि मालक म्हणतो सील डुप्लिकेट निघालं. दोन सीलच्या मधल्या पोकळीत वॉटरप्रूफ ग्रीस भरा.

जोडून झाल्यावर ऑइल भरण्याआधी हवेचा दाब तपासा. लेव्हलच्या भोकात बसणारा निपल, सायकलचा पंप आणि मीटर, एवढंच लागतं. १ बारपर्यंत हवा भरा, त्यापुढे अजिबात नको, नाहीतर चांगली सीलंही उलटतील. गिअरबॉक्स पाण्याच्या टबात धरून दोन्ही शाफ्ट फिरवा, गिअर रॉड वर-खाली करा. बुडबुडा जिथून येईल तो पार्ट बदला. हे उघडण्याआधीही करा, म्हणजे चारपैकी कुठलं सील गेलंय ते कळेल आणि बाकीच्या तीनचे पैसे वाचतील. तुमचा बजेटचा प्रश्न इथेच अर्धा सुटतो.

रांपण_सोमवार

प्लग काळे-ओले आहेत तर आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी सोडणारी झडप) आहे का ते बघा. आपल्याकडे गरम हवामान म्हणून तो काढून टाकायची सवय आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन थंडच चालतं, ऑइल नीट जळत नाही आणि प्लग ओले. तपासायला सोपा: पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. या लहान टू-स्ट्रोकमध्ये तो ५० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडायला लागतो, मॅन्युअलमधला आकडा बघून घ्या. बाहेरचा घेतला तरी असाच उकळून बघून घाला. गाडीचा घालू नका, तो ८० च्या वर उघडतो. समुद्राचं पाणी एवढं तापलं तर आत मीठ बसतं.

ऑइल कुठलं घालता? मोटरसायकलचं टू-टी असेल तर प्लगला दोष देऊ नका. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीच्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं. मोटरसायकलचं ऑइल हवेवर थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं, त्यात राख सोडणारी द्रव्यं असतात. औटबोर्डमध्ये ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर बसते. प्रमाण ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलि. "थोडं जास्त बरं" म्हणून ४० घातलं तरी प्लग काळेच होणार. ४० मिलि फक्त नव्या किंवा नव्याने बांधलेल्या इंजिनाला, सुरुवातीचे काही तास.

प्लगमध्ये पैसे वाचवायचेच नाहीत. बी७एचएस-१० असेल तर नेमका तोच. एच म्हणजे आट्याची लांबी १२.७ मिमी. दुकानात बी७ईएस देतील, आटे तेच, लांबी १९. तो आत शिरून पिस्टनला ठोकतो. शेवटचा १० म्हणजे १ मिमी गॅप. बीआर७एचएस-१० चालेल, आर म्हणजे रेझिस्टर. होडीत फिश फाइंडर किंवा रेडिओ असेल तर तोच घ्या, खरखर कमी होते. नकली एनजीके प्लग बाजारात पुष्कळ आहेत. वायसर सहज आट्यांवरून निसटून हातात आला, छपाई फिकट असली किंवा वरचा खिळा मधल्या खांबावर नीट मध्यावर नसला तर परत करा. बसवताना हाताने टेकेपर्यंत, मग पान्याने अर्धा फेरा. जुना प्लग परत घालताना जेमतेम बारावा हिस्सा.

शापोरा_काठ

सगळ्यांचे आभार. नायलॉन घालून बघितलं, धारेत फरक नाही. पंखा काढला, मागे नायलॉन निघालंच. सायकल पंपाने १ बार दिला: बुडबुडे पंख्याच्या शाफ्टमधून, बाकी कुठून नाही. शाफ्टवर चर लागत नाही. थर्मोस्टॅट नाहीच, कव्हर उघडलं तर आत रिकामं. ऑइल टीसी-डब्ल्यू३ आहे पण अंदाजाने घालत होतो.

झिंक आणि पंख्याचं कुणी सांगेल का? आणि मेमध्ये बनवलेलं पेट्रोल-ऑइल मिश्रण टाकीत ८-१० लिटर आहे, ते चालेल?

ताळगाव_खाजन

मिश्रणाचं आधी, कारण त्यानेच इंजिन जाईल. नाही चालणार. पेट्रोल पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे आणि यामाहा आपल्या औटबोर्डला १० टक्के इथेनॉलपर्यंतच मान्यता देते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जून-जुलैच्या हवेत पाण्याला काय तोटा. ठरावीक हद्दीपुढे इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीची नळी तळातूनच ओढते, म्हणजे इंजिनाला ऑइल नसलेलं पाणीमिश्रित इथेनॉल मिळतं. टू-स्ट्रोकला वंगण इंधनातूनच, त्यामुळे पुढचं सांगायला नको. काचेच्या बाटलीत तळाचं थोडं काढून रात्रभर ठेवा, दोन थर दिसतील. दिसले नाहीत तरी एवढं जुनं मिश्रण होडीत घालू नका. कार्बोरेटरचा वाडगाही खालच्या स्क्रूने रिकामा करा. पुढे आठवड्याला लागेल तेवढंच मिश्रण बनवा, टाकी भरलेली ठेवा, आणि बंदीआधी शेवटच्या दिवशी नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा.

याच कारणाने इंधनाच्या बाजूचे रबरी पार्ट हल्ली पिशवीतले घेऊ नयेत. नळी, फुगा (हाताने दाबून पेट्रोल चढवायचा), पेट्रोल पंपाचा पडदा. हलक्या नळीचं आतलं अस्तर इथेनॉलने सुटतं आणि काळा भुगा जेटमध्ये. नळीवर एसएई जे१५२७ छापलेलं असेल तर ती होडीसाठीची नळी आहे. फुग्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे. फुग्याच्या आत दोन झडपा असतात आणि स्वस्त फुग्यात त्याच अडकतात. इंजिन रेसमध्ये दम सोडायला लागलं तर चालू असताना फुगा दाबा. दाबल्यावर उचलत असेल तर दोष फुगा, नळीचा जोड, कनेक्टरमधली ओ-रिंग किंवा पंपाचा पडदा यांत. कार्बोरेटर उगाच खोलू नका.

कार्बोरेटर खोलावाच लागला तर बाहेरच्या किटमधली गॅस्केटं आणि नीडल व्हॉल्व्ह घ्या, पण त्यात आलेला जेट वापरू नका. जुना पितळी जेट झिजत नाही, फक्त चोंदतो. स्प्रे आणि हवेने साफ करा, तार घालू नका, आणि तोच परत बसवा. किटमधल्या जेटवर नंबर तोच असला तरी भोक तेच असेल असं नाही. बारीक निघालं तर मिश्रण पातळ, पिस्टन गरम, आणि टू-स्ट्रोकमध्ये कमी पेट्रोल म्हणजे कमी ऑइलसुद्धा.

हेड खोलणार नसाल तर उत्तम. खोललंच तर गॅस्केट कंपनीचं. यामाहाची केरोसिनवर चालणारी मॉडेलंही आपल्या किनाऱ्यावर आहेत आणि त्यांचं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. मोकळी गॅस्केटं विकणारा हा फरक सांगत नाही.

मांडवी_पार

झिंक म्हणतो आपण सगळ्याला, पण नदीत चालणाऱ्या होडीला अॅल्युमिनियमचा अॅनोड बरा. कारण आपल्या नद्यांचं पाणी वर्षभर एकसारखं नसतं. उन्हाळ्यात खारं पाणी आत लांबवर चढतं, पावसाळ्यात तिळारीकडून येणाऱ्या पुराने शापोऱ्याचं पाणी जवळजवळ गोडं होतं. गोड्या किंवा मचूळ पाण्यात झिंकवर घट्ट पांढरा थर बसतो आणि ते काम करायचं थांबतं. मग डिसेंबरात पाणी खारं झालं तरी झिंक झोपलेलंच, आणि गंज लोअर युनिटला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या गिअरबॉक्सच्या भागाला. अॅल्युमिनियमचा अॅनोड दोन्ही पाण्यांत चालतो. मॅग्नेशियमचा देऊ लागले तर नको, तो फक्त गोड्या पाण्यासाठी, समुद्रात बघता बघता संपतो.

मात्र अॅल्युमिनियम म्हणजे कुठलंही अॅल्युमिनियम नव्हे. अॅनोडच्या मिश्रधातूत जस्त आणि थोडं इंडियम असतं, त्यानेच तो विरघळत राहतो. भंगार ओतून बनवलेला पिशवीतला तुकडा हुबेहूब तसाच दिसतो पण विरघळत नाही. सहा महिन्यांनी अॅनोड कोरा करकरीत दिसला तर खूश होऊ नका. ओळखीच्या ब्रँडचा घ्या, पाकिटावर मिलिटरी स्पेसिफिकेशन असेल तर चांगलं: अॅल्युमिनियमला २४७७९, झिंकला १८००१. कंपनीचाच हवा असं नाही, इथे बाहेरच्या ब्रँडमध्ये खरंच पैसे वाचतात. बसवताना मागची जागा घासून उघडा धातू करा, अॅनोडला आणि त्याच्या बैठकीला रंग लावू नका. मल्टिमीटरने अॅनोड आणि इंजिनाचा उघडा बोल्ट यांत रोध बघा, शून्याच्या आसपास हवा.

आता पंखा. आवाज चढतो, होडी पळत नाही, हे मधल्या रबरी हबचं लक्षण. खात्रीसाठी पंख्याच्या मागच्या तोंडावर आतल्या पितळी हबपासून बाहेरच्या नळीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा. फुल रेसची एक फेरी मारून या. रेघ तुटून दोन जागी गेली असेल तर हब सरकतोय. पात्यांची टोकंही गेली आहेत, म्हणजे हब बदलण्यापेक्षा नवा पंखाच घ्या. बाहेरच्या ब्रँडचा अॅल्युमिनियमचा बिनधास्त घ्या, पण शाफ्टवरचे दाते मोजा, व्यास आणि पिच जुन्या पंख्यावर कोरलेले असतात ते बघा. आणि पंख्यापुढचा जाड थ्रस्ट वायसर नव्या पंख्यासोबत येतो की जुनाच वापरायचा, ते विचारा. कित्येक बाहेरच्या पंख्यांना वेगळा वायसर लागतो. चुकीचा घातला तर पंखा आत सरकून मागच्या कॅपला घासतो आणि नवीन सील पुन्हा जातं.

पिच (पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर) बदलायचा मोह झाला तर टॅकोमीटर लावून ठरवा. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा मिळतो. नेहमीच्या वजनाने, जाळी आणि दोन माणसं घेऊन, फुल रेसला या इंजिनाचे फेरे ४५०० ते ५५०० मध्ये यायला हवेत. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. जाळी मारणाऱ्याने वरच्या निम्म्यात ठेवावं. कमी फेऱ्यांवर इंजिन ओढत राहिलं की कार्बन धरतं.

स्प्लिट पिन स्टेनलेसची, ती कुठल्याही दुकानातली. लहान २-३ एचपीच्या इंजिनांना शिअर पिन असते, तिथे मात्र खिळा किंवा स्टेनलेसचा तुकडा घालू नये. ती पिन तुटण्यासाठीच मऊ केलेली असते. ती नाही तुटली तर गिअर तुटतो.

म्हापसा_फिटर

शापोरा बाब, तुमच्या तपासणीवरून यादी अशी होते. कंपनीचं: पंख्याच्या शाफ्टची दोन सील, मागच्या कॅपची ओ-रिंग, स्क्रूचे वायसर, प्लग, थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट. चांगल्या बाहेरच्या ब्रँडचं: पंप किट, अॅनोड, पंखा. उभ्या शाफ्टचं सील दाबात टिकलं, तरी पंप उघडाच आहे तर तेही बदलावं असं कुणी सांगेल. मी नाही बदलणार. टिकणारं सील काढून नवं ठोकताना तिरपं बसायचा धोका जास्त.

सील बदलण्याआधी मागची कॅप काढायला त्रास होईल. दोन बोल्ट निघतील, कॅप मिठाने धरलेली असेल. पुलर वापरा, छिन्नी घालून कड उचकटू नका, ओ-रिंगची जागा खराब होते. बोल्ट बदलायचे तर डोक्यावर ए४ कोरलेले (खाऱ्या पाण्यात टिकणारं स्टेनलेस) घ्या, ए२ नको. लोहचुंबक लावून स्टेनलेसची परीक्षा करू नका, दोन्ही सारखेच वागतात. आट्यांना वॉटरप्रूफ ग्रीस लावल्याशिवाय स्टेनलेसचा बोल्ट अॅल्युमिनियममध्ये घालायचा नाही, पुढच्या वर्षी तो निघणार नाही.

पंप बसवताना इंपेलरला साबणाचं पाणी लावा आणि वाटी खाली दाबताना शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. जुन्या इंपेलरची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा वर नळीत गेलाय. तो शोधून काढल्याशिवाय जोडणी करू नका. लोअर युनिट चढवताना उभ्या शाफ्टच्या दात्यांना बाजूने ग्रीस लावा, टोकाला नाही, नाहीतर ग्रीस कोंडून शाफ्ट पूर्ण वर बसत नाही. पाण्याची तांब्याची नळी पंपाच्या रबरात शिरली का, टॉर्च लावून बघा. नव्या किटनंतर धार येत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. गिअर रॉड जोडताना काढतेवेळचाच गिअर ठेवा, आणि जोडल्यावर पंखा हाताने फिरवत तिन्ही गिअर तपासा.

गिअर ऑइल साधारण २५० मिलि. होडीसाठीचं मिळालं तर तेच, नाहीतर ईपी-९०, जीएल-४. खालच्या भोकातून भरा, वरच्यातून बुडबुडे न येता ऑइल वाहायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग खालची नळी काढून खालचा. वरून ओतलं तर हवा अडकते आणि निम्मंच भरतं. सील नवीन आहेत, म्हणून साधारण १० तास चालल्यावर, इंजिन रात्रभर उभं ठेवून सकाळी खालचा स्क्रू थोडा सैल करा. पाणी असेल तर ऑइलच्या आधी तेच टपकेल.

चाचणी ड्रममध्ये करा, पाणी पंख्यावरच्या आडव्या प्लेटच्या वर हवं. पाण्याशिवाय "फक्त एकदा स्टार्ट करून बघतो" हे करू नका, कोरड्या वाटीत नवा इंपेलर काही सेकंदांत जळतो.

शापोरा_काठ

समजलं. शेवटचा प्रश्न: जुना इंपेलर अजून चारही बाजूंनी शाबूत दिसतो, तो होडीत स्पेअर म्हणून ठेवू का?

बेतूल_जेटी

नको. महिनोन्महिने एकाच बाजूला वाकलेली पाती आहेत ती, परत सरळ होत नाहीत. आणि भर पाण्यात लोअर युनिट उतरवून इंपेलर बदलणं लाटेत जमण्यासारखं कामही नाही. होडीत दोन प्लग गॅप तपासून, प्लगचा पाना, पंख्याचा नट, दोन-तीन स्प्लिट पिना, पक्कड, स्टार्टरची दोरी आणि किल स्विचची जादा चावी ठेवा, सगळं झाकणाच्या डब्यात. वल्ही आणि नांगर आहेतच.